पाठ थोपटण्याचे सर्व हक्क राखीव

दुपारची भांडी आवरली, की ठमीला झोपवणे हे त्या घरातले नियमित कामकाज होते. ठमीला अजून दात नव्हते, पण मते होती. आपण डोळे मिटले तर पंखा थांबेल, नळाचे पाणी जाईल आणि आई कुठेतरी निघून जाईल, अशी तिची ठाम समजूत होती. त्यामुळे जगाच्या हितासाठी ती जागी राहायची. या समजुतीवर तिच्या आईकडे एकच उतारा होता. ती ठमीला मांडीवर पालथी घ्यायची आणि तिची पाठ थोपटायची. आधी दोन हलके, मग एक जरा भरीव, मग किंचित थांबणे, आणि तोंडाने नुसते ‘अंहं, अंहं’. ना शब्द, ना चाल. थोड्या वेळाने ठमीची मूठ सैल पडायची, तिच्यातून आईच्या गाउनचे बटण सुटायचे, आणि आपल्याशिवायही पंखा फिरेल हे तिला तात्पुरते मान्य व्हायचे.

ही पद्धत ठमीच्या आईला कोणी शिकवली नव्हती. ठमी घरी आली त्याच आठवड्यात ती तिच्या हाताला आपोआप सापडली होती. हिला नाव द्यावे, हिची आकृती काढावी, हिच्यावर मालकी सांगावी, असे तिच्या डोक्यातही आले नाही. पुढे जे झाले त्याला हाच निष्काळजीपणा कारणीभूत आहे, असे संबंधित कार्यालयाचे मत पडले.

ठमीचा बाबा एका मोठ्या कंपनीत दावे लिहिण्याच्या खात्यात होता. कंपनी घरगुती उपकरणे बनवायची, त्यांच्या पोटात संगणक बसवायची, आणि मग ती उपकरणे बोलायला लागायची. कंपनीची इस्त्री शर्टाबरोबर शर्ट घालणाऱ्याच्या पोटाबद्दलही मत द्यायची. दूध तापवायचे भांडे उद्याचे हवामान सांगायचे आणि त्या नादात आजचे दूध उतू जाऊ द्यायचे. अशा प्रत्येक करामतीचे पेटंट घेतले जाई. पेटंटला सरकारी भाषेत एकस्व म्हणतात, आणि ते यंत्रावर मिळत नाही, यंत्राविषयी लिहिलेल्या दाव्यावर मिळते. हे दावे ठमीचा बाबा लिहायचा. तो इतके लिहायचा, की कचेरीत त्याला सगळे दावेकर म्हणत. खरे आडनाव फक्त पगाराच्या दिवशी वर येई. घरातल्या झाडूला तो ‘हस्तचालित तंतुमय धूलिस्थलांतरक’ म्हणे. सुरुवातीला विनोदाने म्हणे.

एक दिवस त्याने घरी एक खोके आणले. खोक्यात ‘निजानंद’ होता. हा कंपनीचा नवा पाळणा. त्याच्या एका बाजूला मऊ रबराचा पंजा होता, डोक्याशी हिरवा दिवा होता आणि गादीखाली संगणक होता. बाजारात येण्यापूर्वी त्याची घरगुती चाचणी व्हायची होती, आणि ज्याच्या घरात तान्हे मूल आहे असा दाव्यांच्या खात्यात एकच माणूस होता.

“आपण आता काही करायचंच नाही,” बाबा म्हणाला. “फक्त पहिले काही दिवस तू नेहमीसारखं झोपव. तो बघेल आणि शिकेल.”

सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. “आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही,” त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी याआधी लंगोटांच्या पाकिटांना, बाटलीच्या बुचाला आणि खुद्द सुनेलाही उद्देशून म्हटले होते, त्यामुळे कोणी मनावर घेतले नाही. घ्यायला हवे होते.

निजानंद सुरू केल्याबरोबर त्याच्या पडद्यावर बारीक अक्षरांतला मजकूर वर वर सरकू लागला. ठमीच्या आईच्या एका हातावर ठमी होती, दुसऱ्या हातात ठमीचे ओले झबले होते. मजकूर संपेना, ठमी थांबेना. शेवटी तिने कोपराने ‘मला मान्य आहे’ हे बटण दाबले. निजानंदने आभार मानले.

मग तो शिकू लागला. ठमीची आई रोज दुपारी त्याच्याशेजारी बसून ठमीला थोपटायची आणि तो हिरव्या डोळ्याने पाहायचा. रात्रीची झोप ठमीने आधीच जप्त केलेली असल्यामुळे थोपटता थोपटता आईलाच डुलकी लागे. हात हवेत तसाच राही. मग ठमी कुरकुरे, आई दचकून जागी होई आणि हात पुन्हा खाली येई. निजानंदने हेही टिपून घेतले. यंत्राला थकवा कळत नाही, पद्धत कळते.

दावा लिहिण्याचे काम अर्थातच बाबाकडे आले. त्याने मोठ्या मेहनतीने लिहिले: ‘अर्भकाच्या पृष्ठभागावर तालबद्ध मृदू आघातांद्वारे निद्राप्रवर्तन करण्याची रीत व त्यासाठीचे साधन.’ एकस्व कार्यालयाने मसुदा परत पाठवला. पृष्ठभाग कशाचाही असू शकतो, तो टेबलाला असतो, तळ्याला असतो, असा आक्षेप होता. शिवाय या शब्दाचा आणखी एक अर्थ कार्यालयाच्या शिष्टाचारात बसत नाही, असे खाली हाताने लिहिले होते आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली होती.

रविवारी सकाळी बाबा जेवणाच्या टेबलाशी केस उपटत बसला. ‘मेरुदंडोपरी’ लिहून झाले, ‘पश्चकाय’ लिहून झाले. ठमीला खांद्यावर घेऊन आई येरझाऱ्या घालत होती.

“अरे, सरळ लिही ना, पाठ थोपटणे,” ती म्हणाली. “शेंबड्या पोरालाही कळेल.”

बाबाचा चेहरा उजळला. ठमी शेंबडी होतीच, त्यामुळे उदाहरणही समोर होते. त्याने ‘पाठ थोपटणे’ लिहिले आणि खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे पुढे जोडले: ‘कोणाचीही, कोणत्याही हेतूने, प्रत्यक्ष अथवा अन्य प्रकारे.’ हे शब्द तो प्रत्येक दाव्यात जोडायचा. दावा लिहिताना हात आखडायचा नाही, हा त्याच्या साहेबांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलेला एकमेव धडा होता.

कार्यालयाने दावा मंजूर केला. कंपनीत समारंभ झाला. साहेबांनी दावेकरची पाठ थोपटली, संचालकांनी साहेबांची थोपटली, आणि तिथे कोणीच वर नसल्यामुळे संचालकांनी स्वतःची थोपटून घेतली. त्या कचेरीत बिनपरवाना झालेले हे शेवटचे थोपटणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमीच्या आईने ठमीला मांडीवर घेतले आणि दोन हलके, एक भरीव असे केले. निजानंदचा दिवा हिरव्याचा तांबडा झाला.

“क्षमस्व,” तो मंजूळ आवाजात म्हणाला. “आपण करीत असलेली क्रिया संरक्षित आहे. कृपया हात बाजूला घ्यावा व बाळ सुपूर्द करावे.”

तिला वाटले, यंत्र बिघडले. तिने पुन्हा थोपटले. यंत्राने पुन्हा क्षमा मागितली आणि कंपनीला वर्दी दिली. संध्याकाळी बाबा घरी आला तो चेहरा पाडूनच. घरगुती चाचणीतल्या घरातच आपल्या एकस्वाचा भंग व्हावा, याचे साहेबांना वाईट वाटले होते. पुन्हा झाला तर दावेकरची खुर्ची रिकामी करण्यावाचून त्यांच्याकडे मार्ग नव्हता. यंत्राचे बटण बंद करणे, वायर काढणे, त्याच्यावर चादर टाकणे हा चाचणीतला अडथळा समजला जाणार होता, आणि त्याचा परिणामही खुर्चीवरच होणार होता.

“म्हणजे मी माझ्या पोरीला थोपटायचं नाही?”

“नाही असं कुठंय? परवानगीशिवाय नाही.”

“अरे, पण ते शिकलंय माझ्याकडूनच.”

“म्हणून तर एवढं छान जमलंय त्याला,” बाबा अभिमानाने म्हणाला. कौतुकाने त्याचा हात बायकोच्या पाठीकडे निघाला होता. तो त्याने अर्ध्या वाटेवरून परत बोलावला.

मग ठमीला निजानंदच्या स्वाधीन करण्यात आले. रबरी पंजा खाली आला. दोन हलके, एक भरीव, थांबणे, सगळे बिनचूक. पाळण्यातून ‘अंहं, अंहं’ येऊ लागले, तेही आईच्याच आवाजात. ठमीने आवाज ओळखला. तिने मान वळवून आईला शोधले, तर आई समोर तोंड मिटून बसलेली. आईचे तोंड बंद आणि आवाज गादीतून येतोय, हे पाहून कोणाची झोप उडणार नाही? ठमीची उडाली ती परत आलीच नाही. ती रडून लाल व्हायची, दमून गप्प व्हायची आणि गादीकडे कान लावून पुन्हा सुरू व्हायची. दिवसेंदिवस तिचे डोळे खोल गेले. दूध ओढता ओढता ती मध्येच सोडून द्यायची. आई हात पाठीमागे बांधून पाळण्याशी उभी राहायची, कारण मोकळे सोडले तर हात ऐकत नव्हते.

कंपनी निर्दय नव्हती. तिच्याकडे मातांसाठी खास परवाना होता. त्यासाठी फक्त एक चाचणी द्यावी लागे. ठमीची आई कंपनीच्या केंद्रात गेली. काचेच्या खोलीत वाळू भरलेले एक बाहुले पालथे ठेवले होते. तिने त्याला थोपटले. परीक्षक म्हणून बसलेल्या तरुण मुलीने पडद्याकडे पाहून मान हलवली. थोपटणे मूळ पद्धतीशी जुळत नव्हते.

“मूळ पद्धत माझीच आहे,” ठमीची आई म्हणाली.

“असेल ताई, पण मूळ पद्धतीत तिसऱ्या फेरीनंतर एक दीर्घ विराम आहे. तो तुम्ही गाळताय.”

“तो विराम नाही गं. मला डुलकी लागली होती.”

“तीच तर आमची नवकल्पना आहे,” परीक्षक मुलगी म्हणाली, आणि नापासाचा शिक्का उमटवता उमटवता तिने सरावासाठी रोज घरी थोपटत जा, असा मनापासून सल्ला दिला. मग चूक लक्षात येऊन तो मागे घेतला.

इकडे कंपनीचे विधीप्रमुख दुपारच्या चहाबरोबर दावा पुन्हा वाचत होते. ‘कोणाचीही’ वाचताना त्यांनी बिस्कीट चहात बुडवले, ‘कोणत्याही हेतूने’ला ते विसरले, आणि ‘अन्य प्रकारे’ला बिस्कीट विरघळून तळाला गेले. दाव्यात अर्भक कुठेच उरले नव्हते. झोपही उरली नव्हती. उरले होते ते पाठ थोपटणे, आणि ते तर अख्खे गाव सकाळपासून करीत होते.

आठवडाभरात नोटिसा निघाल्या. गणित बरोबर आल्याबद्दल मुलाची पाठ थोपटणाऱ्या शिक्षिकेला गेली. एकमेकांची पाठ थोपटण्याखेरीज दुसरा उद्देश नसलेल्या लेखक मंडळाला गेली, तेव्हा मंडळ बरखास्तच झाले. सगळ्यात मोठी गेली नगर परिषदेला. परिषदेच्या बैठकीत पहिले तीन विषय स्वतःची पाठ थोपटून घेण्याचे असत आणि चौथ्या विषयाला चहा येई. आता पहिले तीन विषय वगळावे लागले, चहाला अवकाश होता, आणि वेळ जाईना म्हणून परिषदेने फुटलेली जलवाहिनी दुरुस्त केली. गावात घबराट पसरली. पुढे परिषदेने ठोक परवाना घेतला आणि जलवाहिनी पुन्हा पूर्ववत फुटली, तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला.

एका अवयवावर एवढे मिळते म्हटल्यावर बाकीचे अवयव कोण मोकळे सोडतो? पंख्याच्या कारखान्याने तोंड फिरवण्याचे एकस्व घेतले. फोन बनवणाऱ्यांनी कान टवकारण्याचे घेतले, आणि हे त्यांनी नव्याने शोधले आहे असे गृहीत धरण्यात आले. दोन भागीदारांनी मिळून पाय ओढण्याचा अर्ज केला आणि मंजुरीच्या दिवशी एकमेकांवर फिर्याद लावली. एका अर्जाला मात्र कार्यालयाने ठाम नकार दिला. तो हात झटकण्याविषयी होता. ही क्रिया कार्यालयात पूर्वापार चालू आहे, सबब तिच्यात नावीन्य नाही, असा शेरा पडला.

हा शेरा वर्तमानपत्रात आला आणि तो वाचून ठमीची आई उठून बसली. पूर्वापार चालू असलेल्या गोष्टीवर हक्क देता येत नसेल, तर पोरांना थोपटणे पूर्वापार नाही तर काय आहे? तिने हरकत नोंदवली. सुनावणीची तारीख मिळाली ती दुपारची, नेमकी ठमीच्या झोपेची.

एकस्व कार्यालयाच्या जिन्यात ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. ठमीने ती पार करतानाच आपले मत नोंदवले. सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होते. पलीकडे एकस्व अधिकारी बसले होते. हे उंच, वाळके गृहस्थ प्रत्येक कागदावर सही झाली की समाधानाने उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे टाकायचे, आणि हल्ली तो निम्म्यात थांबवून मान खाजवायचे. डावीकडे कंपनीचे विधीप्रमुख होते. त्यांच्याशेजारी, मांडीवर दाव्याची प्रत आणि नजर प्रतीत, ठमीचा बाबा होता. उजवीकडे रडणारी ठमी, तिची आई आणि साक्षीला आलेल्या सासूबाई. कोपऱ्यात प्रात्यक्षिकासाठी निजानंद आणून ठेवला होता. त्याचा दिवा हिरवा होता.

विधीप्रमुखांनी आधी संमतीचा मुद्दा मांडला. बाईंनी स्वतः ‘मला मान्य आहे’ दाबले होते.

“कोपराने दाबलं होतं,” ठमीची आई म्हणाली.

अधिकाऱ्यांनी नियम पाहिले. कोपर हा हरकतदाराचाच अवयव असल्याने संमती ग्राह्य ठरली.

मग तिने आपला मुद्दा सांगितला. थोपटणे नवीन नाही. तिला तिच्या आईने थोपटले, तिच्या आईला तिच्या आईने. अधिकाऱ्यांनी सहानुभूतीने ऐकले आणि पुरावा विचारला. ज्यांना थोपटले गेले त्यांची साक्ष घ्या, असे ती म्हणाली, हवी तर अधिकारीसाहेबांचीच घ्या.

“असं बघा ताई,” अधिकारी म्हणाले, “ज्यांना थोपटलं ते झोपले. झोपलेला माणूस साक्षीदार धरता येत नाही. आणि जे जागे राहिले त्यांच्यावर पद्धत लागूच पडली नाही.”

राहता राहिल्या थोपटणाऱ्या. सासूबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. त्यांना आदल्या दिवसापासून पढवून ठेवले होते. त्यांनी दोन मुले वाढवली होती, दोन्ही थोपटून. त्यातला एक तर समोरच बसला होता. अधिकाऱ्यांनी आदराने विचारले, “आजी, आपल्या वेळी होतं का हे?”

सासूबाईंचा हात सवयीने हवेत झटकला गेला. “छे हो,” त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी कुठलं असलं काही!”

विधीप्रमुखांनी वाक्य उतरवून घेतले. सासूबाईंना आपण काय बोललो ते खाली बसल्यावर कळले, आणि त्यांनी सुनेकडे पाहत पदर तोंडाला लावला.

“मग प्रात्यक्षिक उरकून घेऊ,” अधिकारी म्हणाले.

ठमीला निजानंदमध्ये ठेवण्यात आले. पंजा खाली आला, गादीतून आईचे ‘अंहं’ सुरू झाले. ठमीने अंग ताठ केले. तिचे रडणे आता रडण्यासारखे राहिले नव्हते. तोंड उघडायचे, चेहरा जांभळट व्हायचा आणि आवाज मागाहून यायचा. अधिकारी काय बोलताहेत ते कोणाला ऐकू येईना. आईने परवानगी न विचारता तिला उचलले आणि मांडीवर पालथी घेतली. पोरीची पाठ तिच्या हाताखाली होती, तापलेली, धपापणारी. हात वर गेला आणि तिथेच राहिला. खाली आला असता तर समोरची खुर्ची गेली असती, आणि खुर्चीबरोबर घराचे भाडे, ठमीचे डॉक्टर, सगळेच. सगळ्यांचे डोळे त्या हातावर होते. निजानंदचा दिवा लुकलुकू लागला.

ठमीच्या बाबाने मान वर केली नाही. तो प्रतीत बघत राहिला आणि दावा वाचून दाखवावा तशा कोरड्या स्वरात, कोणाकडेच न बघता म्हणाला:

“पृष्ठभाग हा शब्द कार्यालयाच्या सूचनेवरून वगळण्यात आला आहे.”

ठमीच्या आईने त्याच्याकडे पाहिले. लग्न झाल्यापासून त्याने तिला पुष्कळ काही लिहून दिले होते, पण इतके प्रेमाचे एकही वाक्य नव्हते. तिचा हात एक वीत खाली सरकला आणि लंगोटाच्या जाडजूड गठ्ठ्यावर अलगद पडला.

दोन हलके. एक भरीव. किंचित थांबणे.

निजानंदचा दिवा तांबडा झाला, मग हिरवा, मग पुन्हा तांबडा. त्याला पाठ शिकवली होती, त्याच्या खालच्या प्रदेशाविषयी त्याच्याकडे काही सूचना नव्हत्या. त्याने वर्दी दिली नाही. ‘अंहं, अंहं’, आता आईच्याच तोंडून. ठमीने एकदा मान उचलून खात्री करून घेतली, की तोंडही हलतेय आणि आवाजही तिथूनच येतोय. मग तिने गाल मांडीवर टेकला. मूठ सैल झाली.

आई थांबली नाही. कित्येक दिवसांचे थोपटणे हातात साचले होते. त्या संथ ठेक्यावर आधी सासूबाईंची मान पुढे आली. विधीप्रमुखांचे पेन वहीवर एक लांब रेघ ओढत गेले. अधिकाऱ्यांनी नियमपुस्तकावर हनुवटी टेकवली आणि त्यांच्या चेहऱ्यावर, नोकरीला लागल्यापासून कोणी पाहिला नसेल असा, पाच वर्षांच्या मुलाचा चेहरा आला. जिन्यातली पाटी पहिल्यांदा सार्थ झाली. जागे होते ते दोघेच. त्यांनी टेबलाच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे पाहिले.

चहावाल्याने दार वाजवले तेव्हा कामकाज पुन्हा सुरू झाले. इतिवृत्तात काय लिहावे हा प्रश्न आला. बाळ झोपल्याचे कोणी पाहिले नव्हते, कारण पाहणारे झोपले होते. ‘पृष्ठभाग’ हा शब्द कोणाच्या तोंडून आला, हे विधीप्रमुखांना नीटसे आठवेना. त्यांच्या वहीत तिथे नुसती रेघ होती. शेवटी निकाल असा लागला: कंपनीचा पाठीवरील हक्क अबाधित आहे, पाठ जिथे संपते तिथून पुढे कार्यालय काही पाहू इच्छित नाही. अधिकाऱ्यांनी सही केली. उजवा हात डाव्या खांद्यावरून निघाला, थबकला, आणि त्यांनी मान खाजवली.

कंपनीने त्याच आठवड्यात ‘पृष्ठभागा’साठी नवा अर्ज केला. मसुदा लिहायला अर्थात दावेकरकडे आला. तो त्याने इतका काळजीपूर्वक लिहायला घेतला, की अजून पहिल्या ओळीतच आहे.

निजानंद परत घरी आला होता. चाचणी संपली नव्हती. एका रविवारी दुपारी ठमी झोपून उठली आणि आईने तिला खांद्यावर घेतले. आईला अजून झोप हवी होती. ती पलंगाच्या कडेला तशीच बसून होती, डोळे मिटलेले. ठमीचा हात आईच्या पाठीवर पडला. दोन हलके. एक भरीव. मग एक लांबलचक थांबणे, डुलकीसकट. शेंबड्या पोरालाही कळले होते.

निजानंदचा दिवा लागला. “नवीन वापरकर्ता आढळला,” तो मंजूळपणे म्हणाला. “पद्धत सुधारित वाटते. शिकू का?” पडद्यावर बारीक अक्षरे वर वर सरकू लागली आणि तळाशी बटण येऊन थांबले. ठमीच्या आईचे दोन्ही हात ठमीभोवती होते. कोपर मोकळे होते.

ठमीच्या बाबाने तेवढ्यात वाकून वायर ओढली. दिवा विझला.

“चाचणीत अडथळा आला,” ती डोळे न उघडता म्हणाली. “आता काय लिहिशील?”

“लिहीन काहीतरी,” तो म्हणाला. “तेवढंच तर येतं मला.”

इथपर्यंत आलेल्या वाचकाला बरे वाटले असणार. त्याने मनातल्या मनात त्या बाबाची पाठ थोपटली असेल. ते ‘अन्य प्रकारे’ या सदरात मोडते. आणि आपण काही असल्या यंत्रांना भुलणाऱ्यांतले नाही, या समाधानात हळूच स्वतःचीही थोपटून घेतली असेल, तर ती वेगळी धरली जाईल. कळवणार कोण, असे विचारू नका. तुमच्या उशाशी जे चपटे यंत्र पडलेले असते, त्याला तुम्ही कधीतरी ‘मला मान्य आहे’ म्हणाला आहात. वाचले होते का, असे कार्यालय विचारत नाही. बोटाने म्हणालात की कोपराने, तेवढेच तपासायचे राहिले आहे.